तात्यांचा डूल

"वाच तू. ऐकताहेत ते," इंदूकाकू म्हणाल्या आणि पदराच्या टोकानं त्यांनी तात्यांची हनुवटी पुसली.

मी वाचू लागले. "पंचवीस वर्षं ही लेखणी चालली. आज ती खाली ठेवताना मन भरून आलं आहे. वाचकांनी दिलेल्या प्रेमाच्या ऋणात राहण्यातच मला आनंद आहे..."

पहिला परिच्छेद संपायच्या आत तात्यांच्या तोंडाची डावी बाजू वाकडी झाली, हुंदका फुटला आणि डोळ्यांतून धारा लागल्या.

"बघ, किती भरून आलंय!" काकूंनी पुन्हा पदर पुढे केला. "अगदी त्यांच्या मनातलं लिहिलंस गं, मालती."

मलाही तसंच वाटलं. खरं सांगायचं तर अभिमान वाटला.

ही गोष्ट १९९६ सालच्या मार्चमधली, अमळनेरची. तात्या म्हणजे वामनराव खैरनार, आमच्या 'तापीतीर' दैनिकाचे संपादक. जानेवारीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला एकच शब्द, 'बरंय'. चहा हवा असला तरी बरंय, पाय दुखत असला तरी बरंय. रविवारी पेपरला पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती. वर्धापनदिनाच्या अंकात पहिल्या पानावर तात्यांचा निरोपाचा लेख हवा, असं मालकांनी ठरवलं होतं, आणि तो मी लिहिला होता. चौदा वर्षं मी त्यांच्या हाताखाली उपसंपादक होते. ते बाहेरगावी असले की अग्रलेख मीच लिहायचे आणि कुणाला फरक कळायचा नाही. तात्यांच्या मनातलं भारंबेबाईंना कळतं, असं ऑफिसात सगळेच म्हणायचे. भारंबेबाई म्हणजे मी.

लेख संपला. तात्यांनी डावा हात पुढे केला. मला वाटलं, डोक्यावर हात ठेवायचाय. मी वाकले. त्यांनी माझ्या कानामागची पेन्सिल ओढून घेतली, आणि माझ्या मांडीवरच्या कागदावर रेघा मारायला लागले. आडव्या, वेड्यावाकड्या रेघा. समासात काहीतरी गोळे. कागद एका जागी फाटला.

"बरंय," ते म्हणाले. "बरंय, बरंय!" आवाज चढत गेला.

"अहो, काय हे! पोरीनं एवढं मन लावून लिहिलंय."

"राहू द्या काकू," मी म्हटलं. "हात ऐकत नाही त्यांचा. सही करायची असेल." आणि मी त्यांच्या बोटांतून पेन्सिल हळूच सोडवून घेतली.

हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. पेन्सिल मी सोडवून घेतली.

ऑफिसात मालक विजयबापू देवरे माझ्याच टेबलाशी बसले होते.

"काय म्हणाले तात्या?"

"रडले."

"रडले ना? मग झालं! छापा." बापूंनी टिचकी वाजवली. "असा लेख पाहिजे बघा, वाचणाऱ्याच्याही डोळ्यात पाणी आलं पाहिजे. आणि हे बघा भारंबेबाई, रविवारनंतर खुर्ची रिकामी ठेवून चालणार नाही. माझ्या डोळ्यासमोर तुम्हीच आहात."

"त्यांनी कागदावर रेघा मारल्या, बापू."

"आजारी माणूस आहे. माझा नातू पण मारतो."

पण एक अडचण होती. नावानिशी जाणाऱ्या लेखाच्या प्रुफावर लेखकाची सही हवी, असा ऑफिसचा नियम होता. तात्यांनीच घातलेला. सही जमणार नसेल तर निदान अंगठा घ्यावा, म्हणून शुक्रवारी सकाळी मी नवं प्रूफ घेऊन पुन्हा गेले.

तात्या पलंगावर होते. व्यायाम करून घ्यायला येणारा इम्रान शेख त्यांचा पाय गुडघ्यात दुमडत होता आणि तोंडानं त्याची अखंड बडबड चालली होती.

"मंग तात्या, तो म्हणतो, डॉक्टरसाहेब, म्हैस माझी आहे पण इंजेक्शन तुम्हालाच घ्यावं लागेल!"

तात्यांचं तोंड वाकडं झालं आणि ते हुंदके देऊन रडायला लागले. इम्रान हसत होता.

"हसताय काय?" मी चिडले. "रडताहेत ते."

"रडत नाहीत, बाई. जोक आवडला त्यांना."

"इम्रानभाई!"

"सांगतो ना. मेंदूत ब्रेक असतो बघा रडण्याचा, तो निकामी झालाय. भाजीवाला ओरडला तरी रडतात. काल लाइट गेली तरी रडले. कधी खरं रडणं असेल, कधी नुसतं पाणी. दोन्ही दिसायला सारखंच." त्यानं पाय हळूच खाली ठेवला. "मी डोळ्यांकडे बघतच नाही. हाताकडे बघतो. डावा हात एक नंबर आहे त्यांचा. काल मला चिमटा काढला, दुखलं म्हणून."

"डावा हात चांगला आहे?"

"सुईत दोरा ओवतील. थोडा वाकडा ओवतील, पण ओवतील."

मी पिशवीतून कालचा फाटका कागद काढला. खिडकीशी नेला.

रेघा वेड्यावाकड्या होत्या, पण वाटेल तिथे नव्हत्या. 'पंचवीस वर्षं ही लेखणी चालली' या वाक्याला धक्का नव्हता. 'मन भरून आलं आहे' यावर काट होती, आणि काटेच्या शेवटी वर वळवलेलं शेपूट होतं. कंपोझिटरला 'हे उडव' म्हणून सांगणारी खूण. 'मला आनंद आहे' यावरही तीच. आणि समासातले ते गोळे. नेहमी उजव्या समासात असायचे, म्हणून डावीकडचे मला दिसले नव्हते. गोळ्यांच्या आत एकेक उलटं प्रश्नचिन्ह होतं, आरशात दिसावं तसं.

तो तात्यांचा डूल होता.

डूल हे नाव ऑफिसनं ठेवलेलं. बातमीत कुणी 'शोकाकुल कुटुंब' लिहिलं, 'संतप्त जमाव' लिहिलं, 'आनंदाला पारावार उरला नाही' लिहिलं की तात्या शेजारी एक वर्तुळ काढायचे आणि त्यात प्रश्नचिन्ह लटकवायचे. कानातल्या डुलासारखं दिसायचं. अर्थ एवढाच: कोण म्हणालं? वार्ताहर कुरकुरायचे, "तात्या, दिसतच होतं की." तात्या म्हणायचे, "दिसलं ते लिही. रडला, लिही. दगड मारला, लिही. आत काय चाललं होतं ते त्याला विचार, आणि त्याच्या नावावर घाल." मी नोकरीला लागले त्या आठवड्यात माझ्या एका बातमीला अकरा डूल लागले होते. पोरं म्हणाली, "बाई सोन्यानं मढल्या."

त्या कागदावर सतरा होते. मी मोजले.

"काकू," मी म्हटलं, "एक पाटीसारखं काहीतरी द्या, कागदाखाली धरायला."

काकूंनी पोळपाट आणून दिला. मी पेन्सिल तात्यांच्या डाव्या हातात दिली आणि कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'तुमचं नाव वामन.' खाली लिहिलं: 'तुम्ही धुळ्याचे.' पहिल्या ओळीखाली त्यांनी टिंबं मारली. प्रुफात ओळीखाली टिंबं म्हणजे 'राहू द्या'. दुसऱ्या ओळीवर काट. तात्या चोपड्याचे.

"अगंबाई!" काकू म्हणाल्या.

मी लिहिलं: 'निरोपाचा लेख छापायचा.' काट. 'दुसरा लेख लिहायचा.' काट. 'काहीच छापायचं नाही.' काट, आणि ती इतक्या जोरात की पोळपाट हलला.

म्हणजे काहीतरी छापायचं होतं. मी थांबले. अंदाज मनात येत होते, भराभर येत होते, चौदा वर्षांची सवय होती. ते सगळे बाजूला ठेवले आणि पेपरात जे जे छापतात त्याची नुसती यादी लिहिली: अग्रलेख, बातमी, पत्र, जाहिरात, निधन, दिलगिरी.

पेन्सिल यादीवरून सावकाश खाली आली आणि शेवटच्या शब्दाखाली टिंबं मारली. एक, दोन, तीन, चार.

"कशाची दिलगिरी, तात्या?"

"बरंय," म्हणत त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं.

"ते रोजचंच आहे," काकू उठल्या. "आजारी पडल्यापासून कपाट दाखवतात. शाल दिली, औषध दिलं, दत्ताची तसबीर काढून दिली. रडतात नुसते. थांब, गरम पाण्याची पिशवी..."

"काकू, थांबा. वर काय आहे?"

कपाटावर जुन्या धोतरात बांधलेला एक गठ्ठा होता. इम्राननं स्टुलावर चढून तो काढला. जानेवारी ते जून १९७९, 'तापीतीर'च्या अंकांचा बांधीव खंड. बाकीचे सगळे खंड ऑफिसात होते. हाच गहाळ आहे असं आम्ही समजत होतो.

मी पलंगावर बसून एकेक पान उलटत गेले. तात्यांचा हात माझ्या मनगटावर होता. सतरा जानेवारीच्या अंकाशी तो दाबला गेला. पान तीन, दोन कॉलमी बातमी: नांदखेडे येथे विहिरीत पडून सहा वर्षांच्या मुलाचा अंत. लिहिणारे, वा. खैरनार. शेवटचं वाक्य असं होतं: 'मृतदेह वर काढला तेव्हा मुलाची आई द्वारकाबाई महाजन कोरड्या डोळ्यांनी काठावर उभी होती, तिच्या चेहऱ्यावर दुःखाचा मागमूसही नव्हता.'

वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्याशेजारी पेन्सिलीचा डूल होता. उजव्या हाताचा, सुबक, पिवळ्या पडलेल्या कागदात मुरलेला.

"ही बाई आली होती इथं," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "त्याच वर्षी, उन्हाळ्यात. ओट्यावर बसली होती. हे तिला म्हणाले, बाई, दिसलं ते लिहिलं. ती गेली. नंतर दोन दिवस जेवले नाहीत. मी म्हटलं, पित्त झालं असेल."

शनिवारी सकाळी सातच्या एस.टी.नं मी नांदखेड्याला गेले. संध्याकाळी सहाला पहिलं पान लागायचं होतं. द्वारकाबाई सासरी नव्हत्या, हे स्टँडवरच कळलं. पलीकडच्या वाडीत, भावाच्या शेतातल्या दोन खोल्यांत राहत होत्या. पन्नाशीची, उंच, ताठ बाई. हरभरा झोडत होती.

मी कोण, कुठून आले, ते सांगितलं. हातातली काठी तिनं खाली ठेवली नाही.

"पेपरवाले पुन्हा आले का? आता कोण मेलं?"

"कुणी नाही. ज्यांनी तेव्हा लिहिलं होतं ते आजारी आहेत. ते वाक्य चुकलं असं त्यांना छापायचंय. तुम्हाला विचारायला आलेय."

"सतरा वर्षांनी?"

"हो."

"लवकर आले." तिनं दोन फटके मारले. मग थांबली. "माझ्या दिरानं तो कागुद कापून ठेवला होता, माहीतंय? खिशात. कोणी आलं की दाखवायचा. बघा, पेपरात आलंय, आईला काही वाटलं नाही. फौजदार दोन दिवस विचारीत होता, तूच ढकललं का. सासूनं मला अंगण बंद केलं. मी म्हणायची, मला रडू येत नाही हो. बाप मेला तेव्हा नाही आलं. नाही येत काही माणसांना. तं काय करायचं?"

"द्वारकाबाई," मी म्हटलं, "तेव्हा, काठावर, तुम्हाला काय वाटत होतं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, हाकलून देणार. वाटलं, एवढंच.

"हे कोणीच विचारलं नाही आजवर," ती म्हणाली. "बस."

मी सुपाशेजारी बसले. ती उभीच राहिली.

"सकाळी थंडी होती. त्याचं वरचं बटण तुटलं होतं. मी म्हटलं, दुपारून लावते. त्याला वर काढला तं सदरा उघडा, छाती ओली. सगळे वरडत होते. आणि मी बघत होती त्या बटणाकडे. मनात एकच, कोणीतरी सदरा मिटा रे त्याचा. पोराला थंडी वाजतेय." तिनं हातातली काठी दुसऱ्या हातात घेतली. "बस, एवढंच होतं. दुःख वगैरे मंग आलं. लई मंग."

मी वही काढली नव्हती. काढली असती तरी ती म्हणालीच, "हे छापायचं नाही. माझं आहे हे. मी मेल्यावर काय करायचं ते करा."

द्वारकाबाई गेल्या चैत्रात वारल्या.

"आणि दिलगिरी?" मी त्या दिवशी विचारलं.

"छापा ना. पूर्ण नाव टाका. तेव्हा टाकलं होतं नं पूर्ण?" मी निघाले तेव्हा तिनं पाठीमागून विचारलं, "त्यांना काय झालंय?"

"अर्धांग. बोलता येत नाही. सारखे रडतात, पण ते रडणं आजाराचं आहे म्हणे. लोकांना वाटतं दुःख झालंय."

द्वारकाबाईंच्या तोंडाच्या कडेला काहीतरी हललं. "घ्या," ती म्हणाली. "त्यांचं उलटं झालं."

एक वाजता मी ऑफिसात होते. बापूंनी मजकूर वाचला आणि कपाळावर हात मारला.

"वर्धापनदिनाला दिलगिरी? बाई, लग्नात श्राद्ध घालता का? आणि सतरा वर्षांपूर्वीची! कुणाला आठवतंय?"

"तिला. तिच्या दिराला. अख्ख्या नांदखेड्याला."

"आणि निरोपाचा लेख?"

"तो त्यांचा नाही. माझा आहे. त्यांचं नाव त्याच्याखाली जाणार नाही."

"तुम्हाला खुर्ची नकोय का?"

"हवीये. पण सहीशिवाय लेख सोडला तर त्या खुर्चीत बसून मी पोरांना काय सांगू?"

बापू धंद्यातले होते, पण आडमुठे नव्हते. त्यांनी खिडकीबाहेर बघून घेतलं. "आठ ओळी. चौकटीत. आणि तात्यांचा फोटो वर मोठा. त्यात वाटाघाट नाही."

खुर्ची मला त्या वर्षी मिळाली नाही. नाशिकहून एक गृहस्थ आणले. ते दोन वर्षं टिकले, मग मिळाली.

साडेचारला मी प्रूफ घेऊन तात्यांकडे पोचले. पोळपाट पलंगावर तयारच होता. मी मोठ्यानं वाचलं.

"दिनांक १७ जानेवारी १९७९ च्या अंकात, नांदखेडे येथील दुर्घटनेच्या बातमीत, श्रीमती द्वारकाबाई महाजन यांच्या चेहऱ्यावर दुःखाचा मागमूसही नव्हता असे मी लिहिले. त्यांना काय वाटत होते हे मी त्यांना विचारले नव्हते. त्या स्वतः भेटायला आल्या तेव्हाही विचारले नाही. ते वाक्य लिहिण्याचा मला अधिकार नव्हता. ते मी मागे घेतो आणि त्यांची क्षमा मागतो. या चुकीची खंत मला सतरा वर्षे जाळत आहे. वामन खैरनार, संपादक."

तात्यांनी पेन्सिल घेतली. पहिल्या ओळीखाली टिंबं. दुसरीखाली टिंबं. एकेक ओळ खाली येत गेली. सतरा वर्षे जाळत आहे, इथे पेन्सिल थांबली. काट. शेपूट. आणि डाव्या समासात, या वेळी अगदी सावकाश, वर्तुळ आणि त्यात उलटं प्रश्नचिन्ह.

मला हसू फुटलं. ते वाक्य मी घातलं होतं. खंत वाटत नव्हती, की वाटत होती आणि छापायची नव्हती, हे मला आजही माहीत नाही. ओळ गेली, एवढं खरं. मग त्यांनी खाली दोन तिरपी अक्षरं काढली. वा. खै. अर्धं मिनिट लागलं.

मी त्यांना सांगितलं, द्वारकाबाई भेटल्या, बसवून घेतलं, पूर्ण नाव टाका म्हणाल्या. बटणाचं सांगितलं नाही. ते माझ्याकडे ठेवायला दिलेलं होतं.

तात्यांचं तोंड वाकडं झालं. हुंदका आला आणि धारा लागल्या.

काकूंचा पदर सवयीनं उचलला गेला. मी त्यांचा हात धरला. मग कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं: 'हे रडणं आजाराचं.' त्याखाली: 'हे रडणं तुमचं.'

तात्यांनी दोन्ही ओळी वाचल्या. पहिलीखाली टिंबं मारली. दुसरीखालीही मारली.

"काय म्हणतात?" काकूंनी विचारलं.

"दोन्ही म्हणतात."

"मग पुसू का नको डोळे?"

"मला काय माहीत, काकू? त्यांना विचारा."

काकू क्षणभर गोंधळल्या. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. मग पदराचं टोक हातात धरून त्या पुढे वाकल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "पुसू का?"

तात्यांनी पेन्सिल धरलेला डावा हात उचलला आणि हवेत एक आडवी रेघ ओढली. शेवटी शेपूट काढायला विसरले नाहीत.

"बरं बाई, राहू दे," काकू म्हणाल्या, आणि पदर खाली सोडून त्यांच्या शेजारी बसून राहिल्या. मी प्रूफ घेऊन उठले. पाच वाजून गेले होते, आणि पहिलं पान सहाला लागायचं होतं.